बी५८ चा ईसीयू उघडताना: कुलूप, टॉर्क आणि पेट्रोल

टोयोटाची जीआर सुप्रा ३.० आणि चेन्नईत जोडली जाणारी बीएमडब्ल्यू एम३४०आय, दोन्हींच्या बॉनेटखाली बी५८ हेच तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे. रिमॅपचे, म्हणजे जास्त ताकदीसाठी ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) सॉफ्टवेअर बदलण्याचे, पैसे भरण्याआधी गाडीची उत्पादन-तारीख बघा. साधारण जून २०२० पर्यंतच्या गाड्यांचा बॉश ईसीयू, म्हणजे डीएमई, ओबीडी पोर्टमधून (डॅशखालच्या तपासणीच्या सॉकेटमधून) फ्लॅश होतो, म्हणजे त्यात नवं सॉफ्टवेअर भरता येतं. त्यानंतरचा ईसीयू कंपनीची डिजिटल सही नसलेलं सॉफ्टवेअर घेतच नाही. एम३४०आय भारतात मार्च २०२१ मध्ये आली, तेव्हा इथली गाडी कुलूपबंदच धरून चाला. जुन्या गाडीतही सर्व्हिसच्या वेळी नवं सॉफ्टवेअर भरलं तर हेच कुलूप बसू शकतं.

ते उघडायला बऱ्याचदा डीएमई गाडीतून काढून बेंचवर (कामाच्या टेबलावर) न्यावा लागतो. सुरुवातीला तो फिनलंडला, कुलूप उघडणाऱ्या फेमटो कंपनीकडे पाठवत. काढण्याआधी गाडी पूर्ण झोपू द्या, म्हणजे तिची इलेक्ट्रॉनिक्स शांत होऊ द्या, आणि मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. डीएमई इमोबिलायझरशी (चोरीविरोधी यंत्रणेशी) बांधलेला असतो, म्हणून तोच बॉक्स त्याच गाडीत परत जायला हवा. दुसऱ्या गाडीचा बसवून इंजिन सुरू होणार नाही. पुढे फ्लॅश करताना ५० अँपियरच्या आसपासचा स्थिर सप्लाय लावा. घरगुती ट्रिकल चार्जरवर (अगदी कमी करंटच्या चार्जरवर) व्होल्टेज कोसळून फ्लॅश अर्धवट राहू शकतो. मूळ फाइलची प्रत आधी जपून ठेवा.

या ईसीयूचं सगळं गणित टॉर्कवर चालतं. पेडलवरून टॉर्कची मागणी ठरते, त्यावरून सिलिंडरमध्ये किती हवा हवी ते, आणि मग बूस्ट, म्हणजे टर्बोने हवेवर दिलेला दाब. नुसतं बूस्ट वाढवलं की मोजलेला टॉर्क मर्यादेबाहेर दिसतो आणि ईसीयू थ्रॉटल बंद करायला लागतो. गाडी अडखळते, लोक टर्बोला दोष देतात. म्हणून मर्यादांची टेबलं आणि लोडची (सिलिंडरमधल्या हवेची) टेबलं एकत्रच बदलावी लागतात. झेडएफच्या आठ गिअरच्या बॉक्सलाही स्वतःची टॉर्क-मर्यादा असते. मोठ्या ट्यूनला त्याचं सॉफ्टवेअरही लागतं.

सगळ्यात जास्त घोटाळा पेट्रोलवर होतो. अमेरिकी मॅपवर (ईसीयूत भरायच्या फाइलवर) लिहिलेलं ९३ ऑक्टेन म्हणजे आपल्याकडचं ९३ नव्हे. त्यांची मोजणी वेगळी: त्यांचं ९१ आपल्या ९५–९६ च्या जवळ, त्यांचं ९३ सुमारे ९८. एक्सपी९५ (इंडियन ऑइलचं ९५ ऑक्टेन पेट्रोल) भरणाऱ्याने ९१ चाच मॅप घ्यावा. ९३ चा हवा असेल तर टाकीत कायम एक्सपी१०० (त्यांचंच १०० ऑक्टेन) हवं. मुंबई-पुण्यात मिळतं, पण प्रत्येक पंपावर नाही. इथेनॉल असलेल्या पेट्रोलला जास्त प्रमाणात इंधन फवारावं लागतं, त्यामुळे हाय-प्रेशर पंपावरचा भारही वाढतो.

लॉग, म्हणजे गाडी चालताना ईसीयूचे आकडे नोंदणं, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) घ्या: चौथा गिअर, २५०० ते ६५०० आरपीएम, पूर्ण पेडल. प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग-करेक्शन (ठिणगीची वेळ ईसीयूने किती मागे घेतली), रेल प्रेशरची (इंजेक्टरच्या नळीतल्या इंधनाच्या दाबाची) मागणी आणि प्रत्यक्ष आकडा, आणि इनटेकचं तापमान बघा. एकाच सिलिंडरचं टायमिंग पुन्हा पुन्हा ३ अंशांहून जास्त मागे जात असेल, किंवा रेल प्रेशर मागणीपेक्षा घसरत असेल, तर पेडल सोडा आणि मॅप खाली आणा. वरच्या आरपीएमला मिसफायर झाला तर आधी प्लग बघा: वाढलेल्या बूस्टला ठिणगी विझते, गॅप ०.५५ ते ०.६ मिमी ठेवा. बी५८ चा इंटरकूलर पाण्यावर चालतो, लागोपाठ पुल (पूर्ण पेडलच्या फेऱ्या) घेतले की ते पाणी तापतं. दोन पुलांमध्ये इनटेकचं तापमान पूर्ववत होईपर्यंत थांबा. डिसेंबरात पास झालेला मॅप मे महिन्यात पुन्हा लॉग करा.