मेसेटावर प्रार्थना आटते तेव्हा

फ्रान्सच्या हद्दीतल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर गावाहून मी कामिनोच्या, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला पायी जायच्या जुन्या यात्रेच्या, वाटेला लागले तेव्हा प्रभूकडे माझं एकच मागणं होतं: पूर्वी प्रार्थनेत जी ऊब असायची ती परत दे. बायबलवाचन सुरू होतं, चर्चला खाडा नव्हता, पण आतून सगळं कोरडं पडलं होतं. सांतियागो द कोंपोस्तेला तिथून सुमारे 780 किलोमीटर. प्रेषित याकोबाची कबर तिथे आहे, या श्रद्धेने लोक हजारेक वर्षं ही वारी करत आले आहेत.

पाम्प्लोना शहरात मी थांबले ती जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्यासाठी. 1521 साली इथल्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या ख्रिस्ताचं चरित्र वाचून त्यांचं आयुष्य फिरलं. आपण ही गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतो. मला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. पुढे मानरेसा गावात त्यांनी कडक उपासांनी देह झिजवला, केस-नखं वाढू दिली, झालेली पापं आठवून आठवून त्यांना जीव नकोसा झाला. मग हळूहळू तेही सुटलं. नखं कापली, केस विंचरले आणि लोकांच्या उपयोगी पडायचं तर शिकलं पाहिजे म्हणून तिशी उलटल्यावर बार्सिलोनात लॅटिनचं व्याकरण गिरवायला बसले. देवाला शरण गेलेल्या माणसालाही देव पुन्हा बदलतो. मला तर हा दुसरा बदल पहिल्याहून अवघड वाटतो, कारण या खेपेला आपली भक्तीची रीतच हातातून सोडावी लागते. येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही तसंच. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा त्याच्यावर उतरला होता, तरी यापो गावी घराच्या गच्चीवर देवाने दर्शनात अशुद्ध मानलेले प्राणी खायला सांगितले तेव्हा तो देवालाच ‘नको, प्रभू’ म्हणाला. ते दर्शन तीनदा झालं, तेव्हा कुठे तो कर्नेल्य या परजातीय रोमी अधिकाऱ्याच्या घरी गेला.

ग्रान्योन गावात मुक्काम चर्चलगतच होता, जमिनीवर पसरलेल्या गाद्यांवर. रात्री जेवणं झाल्यावर सगळे चर्चच्या वरच्या सज्जात गोल बसलो. एक पेटती मेणबत्ती हातोहात फिरू लागली. ती ज्याच्या हाती येईल त्याने आपल्या भाषेत प्रार्थना करायची, नाहीतर नुसतं गप्प राहायचं. माझ्या शेजारच्या बाई कोरियनमध्ये बोलल्या. मला अक्षर कळलं नाही. मध्येच त्यांचा आवाज कापला, मेण बोटांवर ओघळलं, तरी त्यांनी हात हलवला नाही. मेणबत्ती माझ्याकडे आली तेव्हा ठरवून आणलेलं मागणं बाजूला राहिलं आणि मी त्या बाईंसाठी मागितलं. काय मागावं ते ठाऊक नव्हतं. नुसतं ‘प्रभू, यांना सांभाळ’ एवढंच.

बुर्गोसनंतर मेसेटा लागतं ते थेट लेओनपर्यंत. सपाट माळ, गव्हाची शेतं, सावली औषधालाही नाही. कार्रियोन द लोस कोंदेसच्या पुढे तर सतरा किलोमीटर वाटेत एक गाव नाही. पुष्कळजण हा टप्पा बसने ओलांडतात. माझं ऐकाल तर ओलांडू नका. इथे माझे स्वतःसाठी मागायचे शब्द संपले. दुसऱ्यांसाठी मात्र येत राहिले: त्या कोरियन बाई, पाय सुजल्यामुळे मागे राहिलेला एक मुलगा, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलणं नाही अशी घरची माणसं.

हा बदल देवाकडचाच कशावरून, हा प्रश्न मला पडला आणि तो पडायलाच हवा. मनात येईल त्याला पवित्र आत्म्याचं नाव देणं म्हणजे देवासाठी मन मोकळं ठेवणं नव्हे. आत्म्यांची पारख करा, असं बायबलमधल्या आपल्या पत्रात योहान बजावतो. इग्नेशियसना आजारपणात एक खूण सापडली होती: शौर्याची स्वप्नं रंगवताना त्यांना गोड वाटे, पण नंतर मन रितं होई. संतांसारखं जगायचा विचार मात्र सरल्यावरही आनंद ठेवून जाई. मी तीच खूण लावून पाहिली. दुपारी त्या माळावर कुणासाठी केलेली प्रार्थना संध्याकाळी अंग दुखत असतानाही मनात शांतपणे टिकून असायची. माझ्या उबेचा विचार मात्र मला दर वेळी चिडचिडी करून सोडायचा.

ऊब परत आली नाही. सांतियागोच्या कॅथेड्रलमध्ये यात्रेकरूंच्या मिस्सेला बसले तेव्हाही नाही. आता माझी सकाळची प्रार्थना दुसऱ्यांच्या नावांनी सुरू होते. स्वतःचं मागणं कधी त्यात येतं, कधी राहून जातं. ते मी सोडलेलं नाही. कधी द्यायचं ते प्रभू बघेल.