मत नव्हतं, तरी मोजणीत होते

"अगं, पण तुला तिथं मत तरी आहे का?" बाबांनी फोनवर विचारलं. नव्हतं. 2021 साल होतं, माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, नागरिकत्व नव्हतं. आणि त्या संध्याकाळी मी आमच्या काउंटीच्या मतदारसंघ रचनेवरच्या ऑनलाइन सुनावणीत बोलणार होते.

आम्ही राहतो अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण जिल्हाधिकारी नावाचा वरून नेमलेला माणूस इथं नसतो. काउंटीचा प्रमुख, म्हणजे काउंटी एक्झिक्युटिव्ह, लोकच निवडतात आणि काउन्सिल नावाचं सभागृहही तेच निवडतात. काउंटीचा अर्थसंकल्प हे काउन्सिल मंजूर करतं; 2021 मध्ये तो सहा अब्ज डॉलरच्या घरात होता. त्यातला निम्मा जवळपास शाळांवर जातो. माझ्या मुलाच्या वर्गात किती मुलं बसणार, हा प्रश्न फिरूनफिरून तिथंच जाऊन पोचतो.

पूर्वी काउन्सिलमध्ये नऊ जण होते: पाच आपापल्या मतदारसंघातून आणि चार अख्ख्या काउंटीतून निवडलेले. आम्ही उत्तरेला, जर्मनटाउनमध्ये. राजधानी वॉशिंग्टनला खेटून असलेल्या दक्षिण भागाचंच काउन्सिलमध्ये वजन पडतं, ही आमच्याकडची जुनी तक्रार. शेडी ग्रोव्ह ते क्लार्क्सबर्ग असा जलद वाहतुकीचा मार्ग वर्षानुवर्षं आराखड्यातच राहिला, याचंही मूळ लोक तिथंच शोधतात. 2020 च्या नोव्हेंबरात दोन पर्याय मतदानाला आले. एक, चार सामाईक जागा रद्द करून नऊच्या नऊ मतदारसंघ करायचे. दुसरा, सामाईक चार तशाच ठेवून मतदारसंघ पाचाचे सात करायचे. लोकांनी दुसरा निवडला. सभासद अकरा झाले, आणि नकाशा नव्यानं काढणं आलं.

तो काढायला अकरा रहिवाशांचा आयोग नेमला गेला. निवडून आलेल्या कुणालाही त्यात बसता येत नाही. आयोगानं मसुदे काढले, लोकांचं ऐकून बदलले, आणि शेवटचा निर्णय काउन्सिलनं 2021 च्या डिसेंबरात घेतला. शेवटी शिक्का काउन्सिलचाच, हे मला आजही खटकतं. ज्यांनी पुढं निवडणूक लढवायची, त्यांच्याच हातात रेषा का असावी?

पण माझं मन अडकलं ते आकड्यात. 2020 च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या 10,62,061 भरली. सातांनी भागली की दर मतदारसंघाला सुमारे दीड लाख येतात. हे दीड लाख मतदार नव्हेत, माणसं आहेत. त्यात लहान मुलं आली, व्हिसावर आलेले इंजिनिअर आले, बांधकामावरचा एल साल्वाडोरचा मजूर आला. तुरुंगातले कैदीसुद्धा मेरिलँडमध्ये त्यांच्या मूळ घरच्या पत्त्यावर मोजतात. सगळी लोकसंख्या धरून मतदारसंघ आखायला राज्यांना मोकळीक आहे, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये सांगितलेलं आहे. म्हणजे मला मत नव्हतं, तरी त्या दीड लाखात मी एक होते. 2020 मध्ये आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी घरं जनगणनेचा फॉर्म भरायला कचरत होती. "नागरिकत्व विचारतील" ही धास्ती. फॉर्ममध्ये तो प्रश्नच नव्हता. मी चार घरी स्वतः जाऊन बसले होते, याचं मला समाधान आहे.

सुनावणीत मला मोजकीच मिनिटं मिळाली. पूल्सव्हिल हे आमच्या पश्चिमेचं शेतीचं गाव, 1980 पासून राखीव ठेवलेल्या शेतजमिनीच्या पट्ट्यातलं. ते दक्षिणेतल्या उंच इमारतींच्या बेथेस्डाबरोबर एका मतदारसंघात होतं. त्या गावाचा रोजचा व्यवहार आमच्याशी आहे, एवढंच मी सांगितलं. असं सांगणारी मी एकटी नव्हते. नव्या नकाशात पूल्सव्हिल, जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग एकत्र आले.

बाबांना हे सांगताना त्यांना गावाकडची आठवण झाली. आमचं गाव जिल्हा परिषदेच्या एका गटातून दुसऱ्यात गेलं तेव्हा आम्हाला कळलं ते फळ्यावर डकवलेल्या कागदावरून. हरकतीची मुदत संपायला दोनच दिवस उरले होते. बाबांनी हरकत दिली, तिचं काय झालं ते कुणी कळवलं नाही. आणि 2022 मध्ये मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपल्यावर प्रभाग किती आणि कसे या घोळात वर्षामागून वर्ष प्रशासकांचा कारभार चालला, तेव्हा त्यांच्या आवाजातला संताप मी फोनवर ऐकलाय. तो संताप माझाही आहे.

2022 च्या जूनमध्ये मी नागरिक झाले. इथं डेमोक्रॅटिक पक्षाचा इतका जोर आहे की खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीतच होते, आणि तिथं मत द्यायचं तर पक्षाच्या यादीत नाव लागतं. मी नाव नोंदवलं आणि 19 जुलैला मत दिलं. टपालाची मतं मोजण्यात दिवसामागून दिवस गेले, मग फेरमोजणी झाली. काउंटी एक्झिक्युटिव्हच्या पदासाठी मार्क एलरिच हे डेव्हिड ब्लेअर यांच्यापेक्षा 32 मतांनी पुढं राहिले. 2018 मध्ये याच दोघांत 77 मतांचं अंतर होतं.

मी बाबांना आकडा सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीसारखंच की गं." आणि पुढचा अर्धा तास मला त्यांनी 1995 सालची निवडणूक वॉर्डावॉर्डानं ऐकवली.