दादरला ऑन केलेला एएडी

"एएडी मी दादरहून निघतानाच ऑन करतो, तिकडे गडबडीत राहून जातं." पुण्याला पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारायला जाणाऱ्या एका नवख्या जंपरचं हे वाक्य सकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

अरे बाबा, एएडी म्हणजे गरज पडली तर रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, आपोआप उघडणारं यंत्र, आणि ते हवेच्या दाबावरून उंची मोजतं. जिथे चालू कराल ती जमीन त्याच्यासाठी शून्य. सायप्रेस या एएडीचं एक्सपर्ट मॉडेल साधारण 225 मीटरवर, वेग सेकंदाला 35 मीटरहून जास्त असेल तर रिझर्व्हचा क्लोजिंग लूप (त्याला बंद ठेवणारी दोरी) कापतं. दादर समुद्रसपाटीला, पुणं सुमारे 560 मीटर वर. दादरचाच शून्य धरून ठेवला, तर लूप कापायची उंची पुण्याच्या जमिनीखाली 335 मीटर! ड्रॉपझोनवर, म्हणजे उडीच्या मैदानावर, बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढंच तर आहे.

वर याच भरवशावर साहेब 150 चौरस फुटांची कॅनोपी (पॅराशूटची छत्री) घेतायत. गियरसकट वजन 92 किलो, म्हणजे 203 पौंड. विंग लोडिंग, म्हणजे दर चौरस फुटामागे पौंड, 1.35. नवख्याने 1 च्या आसपास राहावं, म्हणजे 210 चौरस फुटांची तरी घ्यावी. छत्री छान उघडलेली असताना जमिनीजवळ जोरात वळण मारलं, तर तिथे एएडीचा काय उपयोग?

तुमच्यात घरून ऑन करून निघणारे किती जण आहेत?