पुळणीवर हलकी गाडी, नोंद ७: खडूच्या दोन रेघा

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा परत लागला.

मागच्या नोंदीत ‘टायरची हवा १६ पीएसआयला आणली की गाडी वाळूवर तरंगतेच’ असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. ते वाक्य आता गिळतो. पूर्ण नाही, अर्धं. सरळ जाताना ती खरंच तरंगते. या खेपेला ओल्या पट्ट्यावरून सलग सव्वा किलोमीटर गेलो. मध्ये दोनदा कोरडी वाळू आडवी आली, तरी दुसऱ्या गिअरमध्ये, पाय न उचलता. पहिल्या नोंदीत ऐंशी मीटरवर पोट टेकून बसलेली हीच गाडी! थांबून मागे बघितलं तर चाकोऱ्या उथळ, कडा शाबूत, टायरची नक्षी ठसा मारल्यासारखी. दोन मिनिटं नुसता त्याच बघत उभा राहिलो.

मग वळायची वेळ आली. तिसऱ्या वळणावर तो पिवळा दिवा: कपलिंग तापलं. मागच्या चाकांचा जोर गेला, पुढची एकटीच खुरपायला लागली आणि बघता बघता ११०० किलोची गाडी पुढच्या बंपरपर्यंत आत. भरती वर चढायला लागली होती आणि दिवस उधाणाचे. फावडं, दोन ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली सारायच्या दातेरी फळ्या) आणि चाळीस मिनिटं घाम. बोनेट उघडून काही फायदा नाही हे माहीत असूनही उघडलं. कपलिंग तिकडे मागच्या डिफरन्शियलला चिकटलेलं. त्याला ना पंखा ना रेडिएटर. गाडी पळत असताना पोटाखालून जी हवा जाईल तेवढीच. आणि तापतं ते नेमकं गाडी पळत नसताना.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: माझी गाडी खरी फोर बाय फोर नाही. पुढची चाकं कायम ओढतात. मागच्यांना जोर पोहोचतो तो तेलात बुडालेल्या क्लचच्या पात्यांमधून, कॉम्प्युटर सांगेल तेव्हा. तेच हे कपलिंग. ‘लॉक’चं बटण आहे, पण लॉक म्हणजे कुलूप नव्हे. पाती नुसती जोरात दाबून धरलेली असतात. पेलवलं नाही की घसरतात, आणि घसरली की तापतात. पात्यांवरचा पीळ गुणिले पुढच्या-मागच्या वेगातला फरक, इतकी उष्णता. फरक शून्य असेल तर पीळ कितीही असो, पाती थंड.

मी मात्र चार खेपा पीळच कमी करत बसलो होतो. हवा २२ वरून १८, १८ वरून १६. स्टेपनी सोडून बाकी सगळं सामान घरी. रेस हळू. दिवा थोडा उशिरा लागायचा, पण लागायचाच. वेगातला फरक येतो कुठून, हा प्रश्न डोक्यात शिरायला तिसरं वळण आणि चाळीस मिनिटांचं फावडं लागलं.

घरी येऊन खडू घेतला. सपाट काँक्रीटवर गाडी उभी केली, डाव्या बाजूच्या दोन्ही टायरवर अगदी खाली जमिनीला लागून एकेक रेघ मारली, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद, आणि दोघांनी मागून सरळ ढकलली. पुढच्या चाकाचे वीस फेरे मोजले. साधारण अडतीस मीटर. पुढची रेघ परत खाली आली तेव्हा मागची कुठे होती? चाक म्हणजे घड्याळाची तबकडी धरा, तर मागची रेघ साडेतीन तास मागे. पाव फेऱ्याहून जास्त!

कारण लाजिरवाणं आहे. मागचे दोन टायर मी गेल्या वर्षी नवे घातले, पुढचे जुनेच राहिले. १८५/६५ आर १५, साईज तीच. पण मागे नक्षी ८ मिलिमीटर खोल, पुढे ३.५. त्रिज्येत साडेचार मिलिमीटरचा फरक म्हणजे परिघात २८. एका फेऱ्याला जवळपास दीड टक्का. रस्त्यावर हे कधी कळत नाही. पण कॉम्प्युटरला पुढची चाकं सतत दीड टक्का जास्त फिरताना दिसतात, म्हणजे त्याच्या हिशोबाने ती सदानकदा घसरताहेत. म्हणून तो पाती दाबतो. पाती दाबलेली, फरक कायम, आणि वाळूवर उतरण्याआधीच कपलिंग कोमट.

(नवे टायर ज्याच्याकडून घेतले त्याने ‘जोडी’ म्हणून दिलेल्या दोघांवर उत्पादनाचा आकडा निराळा निघाला: चार अंकांतले पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. एक टायर दुसऱ्यापेक्षा दीड वर्षाने म्हातारा. मोजून पाहिला तर परीघ सारखाच भरला, म्हणून भांडलो नाही. पण पैसे देण्याआधी टायरच्या कानाशी, म्हणजे बाजूच्या भिंतीशी, वाकून तो आकडा वाचा. आणि दोन कंपन्यांचे टायर मिसळू नका. साईज तीच लिहिलेली असली तरी परीघ थोडा वेगळा भरू शकतो.)

आता तुमच्यातले निम्मे म्हणतील, हवा कमी-जास्त करून फरक मारून टाक. मलाही तेच सुचलं. चारही चाकं १६ ला आणून पुन्हा ढकलली: साडेतीन तासांचे चार तास झाले. इंजिनचं वजन पुढे, त्यामुळे पुढची चाकं जास्त दबली. मग पुढे १८ केलं. परत साडेतीन. म्हणजे दोन पीएसआयला अर्धा तास! असं करत शून्यावर यायला पुढची हवा रस्त्यावरच्या आकड्याजवळ न्यावी लागेल, मग वाळूत उतरायचंच कशाला? याचं कारण रेडियल टायरच्या पोटात आहे. त्याचा पोलादी पट्टा आखडत नाही. हवा काढली की ॲक्सल खाली येतो, चाक चपटं दिसतं, पण पट्ट्याची लांबी तीच. तो रणगाड्याच्या साखळीसारखा फिरत राहतो. म्हणूनच हवा काढल्यावर टायरचा ठसा रुंदीला कमी आणि लांबीला जास्त वाढतो, आणि आपल्याला वाळूत तारतो तो हा लांबट ठसाच. चित्रात बाजूला फुगलेला टायर दाखवतात ते दिसायला छान, पण खरं काम त्या लांबीचं.

एवढ्यावर ही नोंद संपवणार होतो: चार सारखे टायर घे, विषय मिटला. पण दीड टक्क्याने सरळ जाताना दिवा लागला नव्हता. लागला वळताना. म्हणून कागद घेतला.

वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात, हे सगळ्यांना माहीत असतं. किती मोठ्या? माझा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, २.४ मीटर. मागचा ॲक्सल ५ मीटर त्रिज्येवर वळत असेल तर पुढचा साधारण ५.५५ वर. फरक ११ टक्के! तेच वळण १२ मीटरवर घेतलं तर २ टक्के, २० मीटरवर पाऊण टक्कासुद्धा नाही. मी टायरचा दीड टक्का धरून बसलो होतो आणि प्रत्येक वळणावर त्याच्या सातपट फरक स्वतःच्या हाताने, स्टिअरिंग पुरतं पिळून, पात्यांच्या गळ्यात मारत होतो. वर दोन्ही फरक एकाच दिशेचे. पुढचे टायर घासलेले म्हणून जास्त फिरणार, वळताना आणखी जास्त फिरणार. बेरीज साडेबारा.

शिवाय लॉक दाबून ओल्या, दाबलेल्या वाळूवर वळणं हे कोरड्या वाळूपेक्षा वाईट. कोरडी वाळू सरकते, चाकं आपापसातलं भांडण तिच्यावर काढतात. ओल्या पट्ट्यात कणांमधलं थोडंसं पाणी कणांना धरून ठेवतं, जमीन घट्ट होते, भांडण पात्यांपर्यंत पोहोचतं. आणि आम्ही सगळे एकमेकांना सांगतो काय? ‘वळायचं तर ओल्यावर वळ.’ सल्ला बरोबरच आहे, पण लॉक सोडून. अर्थात ओलं म्हणजे नुसतं ओलं. पाय दिला की ज्यावर पाणी चकाकतं त्या लाटेजवळच्या पट्ट्यात जाऊ नका. तिथे कणांमध्ये पाणी गच्च भरलेलं असतं, चाक थरथरलं की खालची जमीन पातळ होते.

मग टायर आलटून पालटून पाहिले: नवे पुढे, घासलेले मागे. आता दीड टक्का उलट्या दिशेचा, वळणाच्या अकरातून वजा. रविवारी पहाटे, ओहोटीचं पाणी सर्वात खाली असताना, रात्रीच्या दवाने वरची वाळूही थोडी बसलेली असताना उतरलो. दोन किलोमीटर, सहा वळणं, सगळी बारा मीटरच्या आसपास, तोंड समुद्राकडे उताराला येईल अशी. दिवा नाही. सातवं वळण मुद्दाम आखूड घेतलं, आणि अर्ध्या वळणात लागला! इतका आनंद मला दिवा न लागल्याचाही झाला नव्हता.

खोट एक आहे. उभ्या गाडीतून निघताना पुढची चाकं आधीपेक्षा जास्त उकरतात. आता सरळ चालीत मागची चाकं जास्त फिरतात, त्यामुळे पुढची बरीच घसरेपर्यंत कॉम्प्युटर ढिम्म. निघताना लॉक दाबायचं, गती आली की वळणाआधी सोडायचं, अशी सवय लावतोय. आणि घासलेले टायर मागे ठेवून ओल्या रस्त्यावर जाणं धोक्याचं, मागची बाजू आधी सुटते. हा प्रयोग होता, कायमचा इलाज नाही. रस्त्यासाठी टायर परत होते तिथे.

अवजारांबद्दल थोडं. पेनसारखा प्रेशर गेज फेकून दिला; १५ च्या आसपास तो मनाला येईल ते दाखवतो. शून्य ते साठचा डायलवाला घेतला, तासाभरात जीव जडला. सिगारेट लायटरवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने तिसऱ्या टायरला फ्यूज उडवला. आता चिमट्यांनी थेट बॅटरीवर चालणारा आहे, पण त्यालाही दोन टायरनंतर दम खाऊ द्यावा लागतो. ट्रॅक्शन बोर्डचे दात पहिल्याच दिवशी वितळले, पण तो माझा दोष: बोर्डावर चाक गरागरा फिरवलं. हळू चढवलं असतं तर टिकले असते. ट्रॅक्शन कंट्रोलचं बटण, मागे सांगितलं तसंच, आधी बंद. नाहीतर नेमक्या वेळी इंजिन दम सोडतं. त्यातला घसरत्या चाकाला ब्रेक लावणारा भाग तरीही माझ्या गाडीत काम करत राहतो, आणि तो हवाच असतो.

पुढची योजना: १४ इंची रिम, उंच कानाचे चार सारखे टायर. परवापर्यंत रुंद टायर घ्यायच्या विचारात होतो, पण ठसा लांब हवा असेल तर रुंदीपेक्षा कानाची उंची कामाला येईल. अडचण एवढीच की पुढचा ब्रेक कॅलिपर १४ च्या रिमला घासेल की काय. पुठ्ठ्याचा साचा कापून रिमच्या आत बसवून बघायला हवा.

हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. कपलिंगच्या कवचावर तापमानाचा प्रोब चिकटवला आणि वायर आत आणली, तर कुठलं वळण किती अंशांना पडतं ते आकड्यात दिसेल, आणि बारा मीटर खरंच पुरतात का तेही. टायर थांबू शकतात, हे आधी. मागच्या सीटखाली जमिनीला एक रबरी बूच आहे, वायर तिथून येईल असं वाटतं. मात्र आधी पोटाखालचं मीठ गोड्या पाण्याने धुवायचंय. रविवारपासून तसंच आहे.