श्रावण घेवड्यावर करपा : पेरणीनंतरचा 38 वा दिवस

वाफा 4 ओळींचा, ओळींत दीड फूट अंतर. कोल्हापुरात 8 दिवस सरीवर सर चालू आहे. पागोळीचं पाणी चिखल उडवतं त्या कडेच्या ओळीत खालच्या पानांवर डाग दिसलेत.

सकाळी पान उजेडाकडे धरावं. ताजा डाग पाणी मुरल्यासारखा, तेलकट. काही दिवसांत मधला भाग कागदासारखा सुकून तपकिरी होतो आणि कडेनं लिंबासारखी पिवळी, बारीक किनार उरते. हा झँथोमोनास या जिवाणूचा करपा. डाळिंबावरचा तेल्याही याच कुळातल्या जिवाणूचा. याला 28 ते 32 अंशांची ऊब आणि ओल मानवते. टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका आणि भोवती फिकट, रुंद वलय असेल तर तो स्युडोमोनास या दुसऱ्या जिवाणूचा. त्याला गारवा लागतो, म्हणून नोव्हेंबरच्या पेऱ्यात तो आधी तपासावा.

पान चोळून बोटाला विटकरी भुकटी लागली तर तांबेरा. शेंगेवर खोलगट काळा डाग असेल तर बुरशीचा करपा. हे आधी ठरवाच, कारण कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकानं जिवाणू मरत नाही.

डागाळलेली झाडं पानांवरचं पाणी सुकल्यावरच उपटून पिशवीत भरली. ओल्या वाफ्यात खुडणी-खुरपणी पूर्ण बंद. रोग पावसाच्या शिंतोड्यांसोबत हातानं आणि कपड्यानंही पुढच्या ओळीत जातो. उघडीप मिळताच कॉपर ऑक्सिक्लोराईड (50 टक्के), 10 लिटरला 25 ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात कालवून मग पंपात, नाहीतर नोझल तुंबतो. पानांच्या खालच्या बाजूनंही फवारा. पडलेले डाग यानं जात नाहीत, नवी पानं वाचतात; जोराच्या पावसात ते धुपतंही. शेंगा तोडण्याआधीचं अंतर लेबलवर बघूनच ठेवा. स्ट्रेप्टोसायक्लिन या प्रतिजैविकाच्या नादी लागू नका, जिवाणू त्याला सरावतात.

खरी गोम बियाण्यात आहे. रोग बीसोबतच येतो आणि वरून निरोगी दिसणाऱ्या बीतही असतो. पांढऱ्या जातीत डोळ्याजवळचा पिवळा डाग, सुरकुतलेलं टरफल लगेच कळतं. गडद जातीत ते लपतं. गरम पाण्याची प्रक्रिया कोबीच्या बियांना चालते, घेवड्याचं टरफल तडकून उगवण मरते. म्हणून या वाफ्याचं बी अजिबात धरायचं नाही. बियाण्यासाठी कोरड्या हंगामातला, पाटपाण्यावरचा, तुषार न लावलेला घेवडा निवडावा.

काढणीनंतर पालापाचोळा खोल गाडायचा. मग या जागी 2 वर्षं मका किंवा भेंडी. घेवडा, राजमा, पावटा नाही.