तुम्ही विचारलंत म्हणून: घोडा गव्हाण का चावतो?

पावसाळा लागला की शहादा, दोंडाईचा, शिरपूर, कुठून ना कुठून फोन येतोच. "डाक्टर, घोडा लाकूड खास, काय करानं?" म्हणजे घोडा लाकूड खातो, काय करायचं? आणि त्यालाच जोडून, ही खोड थांबवायला गळ्याला पट्टा कोणता बांधू?

पट्टा बांधू नका. का ते सांगतो.

चातुर्मासात लग्नं नसतात. वरातीची घोडी काय नि सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेनं आणलेला नुकरा, म्हणजे पांढरा घोडा काय, सगळे दावणीला. मागच्या पायांना पिछाडी, तोंडासमोर भिंत. सकाळी चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, संध्याकाळी चंदी, मधल्या वेळात गव्हाण रिकामी. फोन याच दिवसांत वाढतात, त्याचं कारण इथेच आहे.

मोकळा घोडा दिवसाचे १६ तासांपर्यंत चरत असतो. त्याचं जठर अंगाच्या मानानं लहान, ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल सतत पाझरतं, खाल्लं तरी आणि नाही खाल्लं तरी. ते शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. भिजवलेला हरभरा आणि गूळ तो बघता बघता फस्त करतो. नंतर रात्रभर तोंडाला काम नाही आणि पोटात आम्ल. जठरात व्रण होतात ते अशानंच.

आता तुमचा घोडा नेमकं काय करतो ते नीट बघा. लाकूड कुरतडून गिळत असेल तर त्याला बहुतेक वैरण कमी पडतेय. पण कधी कधी तो वरचे पुढचे दात गव्हाणीच्या कडेवर रोवतो, मान कमानीसारखी ताणतो, गळ्याखालचे स्नायू दोरीसारखे उभे राहतात आणि ढेकर दिल्यासारखा घोगरा आवाज येतो. पुन्हा दात रोवतो, पुन्हा तोच आवाज. याला आपल्याकडे हवा पिणं म्हणतात. खरं तर ती हवा बहुतेक अन्ननलिकेच्या वरच्या भागातूनच परत येते. तिसरा प्रकार डुलण्याचा: एका पुढच्या पायावरून दुसऱ्यावर भार टाकत, मान हलवत तासन्‌तास. दुसरा घोडा दिसेल अशी खिडकी पाडली तर हे डुलणं पुष्कळदा कमी होतं.

हवा पिण्याचं मूळ बहुधा शिंगरूपणात असतं. आईपासून एका दिवसात तोडायचं, एकटं बांधायचं आणि लवकर वाढावं म्हणून चंदी सुरू करायची, हे मला अजिबात पटत नाही. शिंगरू हळूहळू तोडा, जोडीला दुसरं जनावर ठेवा आणि गवत पोटभर द्या.

पट्ट्यानं हवा पिणं दबतं, पण घोड्याला ते करावंसं वाटणं थांबत नाही. पट्टा काढला की काही घोडे आधीपेक्षा जास्त करतात. मिरची चोळणं, मारणं तर सोडूनच द्या. त्याला आधीच त्रास आहे हो, त्यात आपण भर का घालायची? आणि एकाचं बघून दुसरा शिकतो या भीतीनं त्याला सगळ्यांपासून लांब कोपऱ्यात बांधतात, तेही चूक. तसं शिकण्याला अभ्यासांतून भक्कम आधार मिळालेला नाही. एका तबेल्यातल्या दोघांना एकच खोड लागली, तर दोघांना मिळणारी वैरण आणि कोंडणूक सारखीच आहे, हे आधी बघा.

गव्हाण रात्री रिकामी राहू देऊ नका, हेच माझं मुख्य सांगणं. वाळलं गवत, दादर ज्वारीचा कडबा, जे चांगलं असेल ते. बुरशी आलेलं नको, आणि कोवळी हिरवी ज्वारी तर नकोच, ती विषारी ठरू शकते. ४०० किलोच्या घोड्याला दिवसाला ६ ते ८ किलो सुकी वैरण लागते. बारीक जाळीत भरून टांगली तर जास्त वेळ पुरते. चंदी कमी करून तीन-चार वेळा विभागून द्या. पाणी कायम समोर हवं. रोज तास-दोन तास शेतात मोकळा सोडा, वरात असो नसो.

जुनी खोड याउपरही पूर्ण जाईलच असं नाही. कमी झाली तरी समाधान माना. मात्र असा घोडा खाणं सोडून कुशीकडे बघू लागला, लोळू लागला तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा. हवा पिणाऱ्यांना पोटशूळाचा धोका जास्त असतो.

दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोडा घ्यायला जाल, तेव्हा अंगावरचे केसांचे भोवरे बघाच, पण ओठ वर करून पुढचे दातही बघा. वरच्या दातांची पुढची कड तिरपी झिजलेली असली तर विकणाऱ्याला सरळ विचारा. खाताना आणि खाऊन झाल्यावर त्याच्यापाशी थोडा वेळ उभे राहा, कारण हवा पिणारा घोडा चंदीनंतरच जास्त दात रोवतो. तुमच्याकडे मोकळी जागा आणि वर्षभराचं गवत असेल, तर असा घोडाही खुशाल घ्या.