सही कशाला?

शिकागोला येऊन दीड वर्ष झालं, तरी आई दर रविवारी फोनवर विचारतेच, "नेमकं काय शिकालास रे तिकडं?" एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स, म्हटलं की तिच्या डोळ्यांसमोर सिव्हिल हॉस्पिटलातल्या समुपदेशक ताई येतात. माझी शाखा वेगळी. तिला इथे 'मॅक्रो' म्हणतात: वस्त्या, संघटना, संस्था कशा चालतात, कशा बदलतात ते शिकायचं. शिवाय दोन वर्षांत किमान ९०० तास फील्डवर. जानेवारीत बसस्टॉपवर उभं राहिलं की त्यातला एकेक तास जाणवतो.

शहर मात्र या विषयाचं माहेरच. जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये हल हाऊस हे समाजकेंद्र इथेच सुरू केलं आणि स्थलांतरित मजुरांच्या वस्तीत स्वतः राहायला गेल्या.

पण मी अडखळलो एका शिडीवर. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. खालच्या दोन म्हणजे सहभागाचं निव्वळ सोंग. मधल्या तिन्हींत माहिती देतात, मत विचारतात, समजूत काढतात. निर्णय दुसराच कोणीतरी घेतो. वरच्या तिन्हींत लोकांच्या हातात खरोखर काही येतं. वर्गातल्या बाई म्हणाल्या, आपापलं जुनं काम कुठल्या पायरीवर बसतं ते लिहा.

मला सोलापूरच्या पूर्व भागातली, विडी कामगारांच्या वस्तीतली एक दुपार आठवली. तेव्हा मी तिथल्या एका संस्थेत होतो. शेजारच्या अक्का मांडीवरचं विड्या वळायचं सूप बाजूला ठेवून बैठकीला आल्या होत्या. पानं भिजवलेली, कात्री तशीच पडलेली. मी हजेरीपत्रक पुढे केलं. "सही कशाला?" त्यांनी विचारलं. "रेकॉर्डला लागते," मी म्हणालो. त्यांच्या ओल्या बोटाचा तंबाखूचा डाग कागदावर उमटला आणि मला काळजी काय, तर कागद खराब झाल्याची! मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणजे माझ्या तासाभराच्या बैठकीत त्यांच्या किती विड्या बुडाल्या, हा हिशेब मी कधी मांडलाच नाही. विषय निधी देणाऱ्यांनी ठरवलेला होता. संस्था पैशाच्या दिशेनं का वाकतात यावर इथे अख्खा सिद्धांत आहे, फेफर आणि सॅलान्सिक यांचा, १९७८ चा. आपल्याकडे ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात, ते पुरे.

मी तिसरी पायरी लिहिली. खरं तर तीही उदारपणे.

नंतर सादरीकरणासाठी मी सोलापूरजवळची कुंभारी घेतली: विडी कामगार बायकांची गोदूताई परुळेकर वसाहत, १०,००० घरं, मग रे नगरची ३०,००० घरांची योजना, ज्यातल्या पहिल्या १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये मिळाला. कामगार नेते आडम मास्तर, त्यांची लाल बावटा युनियन, वर्षानुवर्षांचे मोर्चे, सगळं सांगितलं. एका वर्गमैत्रिणीनं शांतपणे विचारलं, "ठरवत कोण होतं? नेते की बायका?" मला धड उत्तर देता आलं नाही.

रविवारी आईला फोन अक्कांकडे द्यायला लावला. त्या हसल्या. "मोर्चाला आमी जात होतो की. सह्या पण करत होतो. पण तितं सही कशाला, ते ठाऊक होतं."

सोमवारी पेपर द्यायचाय. हे वाक्य संदर्भसूचीत कसं घालायचं, ते बाईंना विचारावं लागेल.